आठ हजार क्रमांकाची फाइल
(लेखमाला : नशेचा पैसा आणि सत्ता – भाग ४)

मेडेयीनचा पाब्लो एस्कोबार २ डिसेंबर १९९३ रोजी घराच्या छपरावर पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, तिथे गेल्या आठवड्याचा भाग संपला होता. कोकेनचा सर्वांत मोठा सरदार संपला म्हणून कोलंबियातल्या अनेकांनी त्या दिवशी सुटकेचा निःश्वास सोडला. धंदा मात्र थांबला नव्हता. देशाच्या नैर्ऋत्येला, उसाच्या मळ्यांच्या खोऱ्यात काली नावाचं शहर आहे. तिथल्या दोन सख्ख्या भावांचा तो जोरात चालला होता.

हिल्बेर्तो आणि मिगेल रोद्रिगेस ओरेहुएला हे ते भाऊ. एस्कोबारने सरकारशी उघड युद्ध पुकारलं होतं. कायदामंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांचा १९८४ मध्ये आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान यांचा १९८९ मध्ये खून पडला तो त्याच युद्धात. कालीच्या भावांची चाल वेगळी होती. औषधांच्या दुकानांची देशभर पसरलेली साखळी त्यांच्या मालकीची होती. शहरातल्या नामांकित फुटबॉल क्लबात त्यांचा शब्द चाले. थोरल्या हिल्बेर्तोला लोक ‘बुद्धिबळपटू’ म्हणत. अमेरिकेतल्या तुरुंगात जावं लागू नये, ही त्यांची मुख्य इच्छा. १९९१ च्या नव्या राज्यघटनेने कोलंबियात जन्मलेल्या नागरिकाचं प्रत्यार्पण बंद केलं होतं. ती बंदी टिकली पाहिजे, शरण आल्यास शिक्षा हलकी झाली पाहिजे आणि मालमत्तेला हात लागता कामा नये. हे सगळं ठरणार होतं संसदेत आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात, म्हणून पैसाही तिकडेच वळला.

संधी आली १९९४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत. २९ मे रोजी पहिली फेरी झाली. लिबरल पक्षाचे एर्नेस्तो सांपेर आणि कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे आंद्रेस पास्त्राना दोघेही ४५ टक्क्यांच्या आसपास थबकले. लाखो मतांच्या मोजणीत दोघांमधलं अंतर वीस हजारांच्याही आत होतं. दुसरी फेरी १९ जूनला, म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे. पहिल्या फेरीत तिजोरी रिकामी झालेली, कायद्याने खर्चाला मर्यादा घातलेली आणि सभा, जाहिराती, गावोगावच्या कार्यकर्त्यांचा खर्च तर वाढलेला. निवडणूक लढवलेल्या कुणालाही हे दिवस ओळखीचे वाटतील. नोट कुठून आली हे विचारायला अशा वेळी कुणाला सवड नसते, आणि गुन्हेगारी पैसा नेमका याच फटीतून आत येतो.

सांपेर यांच्या प्रचाराचे खजिनदार होते सान्तियागो मेदिना, बोगोतातले जुन्या कलावस्तूंचे व्यापारी. पुढे त्यांनी दिलेल्या जबानीनुसार कालीहून रोख रक्कम खोक्यांमध्ये भरून आली आणि त्या खोक्यांवर भेटवस्तूला गुंडाळतात तसला रंगीत कागद होता. आतल्या नोटांची बेरीज साठ लाख डॉलरच्या घरात जात होती. वाढदिवसाची भेट वाटावी अशा वेष्टनात एका देशाच्या राष्ट्राध्यक्षपदावरचा हक्क पोहोचता केला जात होता.

मतदानाला थोडे दिवस उरले असताना पास्त्राना प्रचारासाठी कालीत होते. तिथे त्यांच्या हाती एक ध्वनिफीत आली. रोद्रिगेस बंधू आणि आल्बेर्तो हिराल्दो या पत्रकाराचं टेलिफोनवरचं संभाषण तिच्यात होतं, आणि विषय होता सांपेर यांच्या प्रचाराला द्यायचा पैसा. पास्त्रानांनी ती फीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सेसार गाविरिया यांच्याकडे सोपवली. ती जनतेसमोर आली ती मतदान उरकल्यावर. तोवर सांपेर दीड लाखांहून थोड्या अधिक मतांनी जिंकले होते. देशाचं लक्षही दुसरीकडे होतं. मतदानाच्या आदल्याच दिवशी विश्वचषकात कोलंबियाचा संघ रुमानियाकडून ३-१ असा हरला होता. ऑगस्टमध्ये मुख्य सरकारी अभियोक्ता गुस्ताव्हो द ग्रेइफ यांनी चौकशी बंद केली आणि प्रकरण मिटल्यासारखं वाटलं.

ते मिटलं नाही, याचं श्रेय कागदांना आहे. कालीच्या टोळीचा हिशेबनीस गियेर्मो पायोमारी याच्या कार्यालयावर १९९४ च्या जुलैत छापा पडला होता. कुणाला किती आणि कोणत्या कंपनीच्या नावाने चेक गेला, याच्या नोंदी तिथे मिळाल्या. दहशत बसवणारी टोळी कागद मागे ठेवत नाही. पुढाऱ्यांना नियमित पोसणाऱ्या टोळीला मात्र वही ठेवावीच लागते. नवे अभियोक्ते आल्फोन्सो वाल्दिव्हिएसो हे खून झालेल्या गालान यांचे नातेवाईक. कालीतल्या या तपासाच्या फाइलवर ८००० हा अनुक्रमांक होता, आणि ‘प्रक्रिया ८०००’ याच नावाने तो सगळा कालखंड कोलंबियात ओळखला जातो.

१९९५ च्या जुलैत मेदिना पकडले गेले आणि त्यांनी तोंड उघडलं. प्रचाराचे व्यवस्थापक फर्नांदो बोतेरो सेया तोवर संरक्षणमंत्री झाले होते. जगप्रसिद्ध चित्रकार फर्नांदो बोतेरो यांचे ते चिरंजीव. त्यांनी राजीनामा दिला, ऑगस्टमध्ये त्यांनाही अटक झाली, आणि १९९६ च्या जानेवारीत त्यांनी सांगितलं की राष्ट्राध्यक्षांना सारं ठाऊक होतं. सांपेर यांचा खुलासा अखेरपर्यंत एकच राहिला: पैसा आला असेल तर आपल्या पाठीमागे आला. त्यावर बोगोताचे आर्चबिशप पेद्रो रुबियानो म्हणाले की घरात हत्ती शिरला तर तो यजमानाला दिसतोच. हा हत्ती कोलंबियात आजही लोकांच्या तोंडी आहे.

हे प्रकरण निव्वळ कागदोपत्री नव्हतं. सांपेर यांच्याशी झालेल्या संभाषणाच्या ध्वनिफितीमुळे गाजलेल्या एलिसाबेत मोन्तोया यांची १ फेब्रुवारी १९९६ रोजी बोगोतात हत्या झाली. आणखी काही साक्षीदारही जिवाला मुकले. पैशाने काम करणाऱ्यांना बंदूक वर्ज्य होती, असं म्हणणं म्हणजे या मेलेल्या माणसांवर अन्याय करणं आहे.

१२ जून १९९६ रोजी कनिष्ठ सभागृहाने १११ विरुद्ध ४३ मतांनी सांपेर यांच्यावरची कारवाई थांबवली. मत देणाऱ्यांपैकी काहींची स्वतःचीच चौकशी चालू होती. कुंपणाने शेत खाल्लं म्हणायचं, तर इथे निवाडा करायलाही कुंपणच बसलं होतं. महिन्याभरात अमेरिकेने कोलंबियाच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षांचा व्हिसा रद्द केला. सप्टेंबरमध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला निघायचे होते, तर त्यांच्या सरकारी विमानातच पावणेचार किलोच्या आसपास हेरॉइन सापडलं. लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवणारे प्रोकुरादोर ओर्लान्दो व्हास्केस व्हेलास्केससुद्धा याच तपासात गजाआड गेले.

मग पैसे देणाऱ्यांना काय मिळालं? वरवर पाहता काहीच नाही. हिल्बेर्तो ९ जून १९९५ रोजी आणि मिगेल ६ ऑगस्टला पकडला गेला, दोघेही सांपेर यांच्याच कारकिर्दीत. संशयाच्या घेऱ्यात सापडलेल्या राष्ट्राध्यक्षाला वॉशिंग्टनचं समाधान करण्यासाठी कठोर दिसणं भागच होतं. तो पैसे देणाऱ्यांचाही मिंधा होता आणि वॉशिंग्टनचाही. झळ सोसली ती देशाने. राष्ट्राध्यक्ष खुर्ची वाचवण्यात गुंतलेले असताना १९९६ च्या ऑगस्टअखेर फार्क बंडखोरांनी दक्षिणेतला लास देलिसियास हा लष्करी तळ उद्ध्वस्त केला आणि साठ जवान ओलीस नेले. खोक्यांवरच्या रंगीत कागदाची खरी किंमत त्या जवानांच्या घरच्यांना विचारायला हवी.

आणि ‘काहीच नाही’ हेही पुरतं खरं नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये संसदेने प्रत्यार्पण पुन्हा सुरू केलं, पण ते पूर्वलक्षी नाही अशी पाचर मारून. आधीचे गुन्हे त्यातून सुटले. दोघे भाऊ तुरुंगातूनही धंदा चालवत राहिले आणि १९९७ नंतरच्या या गुन्ह्यांपायीच अखेर अडकले. हिल्बेर्तोची २००४ मध्ये, मिगेलची २००५ मध्ये अमेरिकेत रवानगी झाली, आणि २००६ मध्ये मायामीच्या न्यायालयाने दोघांना तीस-तीस वर्षांची शिक्षा सुनावली.

तोवर कोलंबियाच्या संसदेत वेगळ्या हातांचा पैसा पोहोचला होता. तो होता उजव्या निमलष्करी टोळ्यांचा. त्यांचे सरदार पुढाऱ्यांना पैशाबरोबर मतदारांची गावंच्या गावं पुरवत होते. तो व्यवहार पुढच्या भागात.