अनुस्वार दिसेल असा पडदा

१५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर पांढरं पान उघडा आणि पडद्यावर चांगलं ताकदीचं भिंग धरा. पांढरं असं काही दिसतच नाही. दिसतात त्या लाल, हिरव्या, निळ्या बारीक उभ्या पट्ट्या, एकीला खेटून दुसरी. तीन पट्ट्यांचा एक पिक्सेल, आणि असे पिक्सेल आडवे १९२०, उभे १०८०. पट्ट्या मोजल्या तर ६२ लाख २० हजार ८००! एकेक पट्टी जेमतेम ०.०६ मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येकीमागे काचेवरच घडवलेला तिचा स्वतःचा ट्रान्झिस्टर. आता किती उजेड सोडायचा, हा हुकूम त्या सगळ्यांना सेकंदाला ६० वेळा मिळतो. लॅपटॉपमधला हा सगळ्यात थक्क करणारा भाग. पण दुकानात आपण प्रोसेसर आणि रॅमची दहादा चौकशी करतो आणि पडद्याबद्दल फक्त ‘किती इंची?’ एवढंच विचारतो.

उजेड अडवण्या-सोडण्याचं काम करणारा पदार्थ सापडला तो गाजरामुळे. १८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिश राइनिट्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्याचं एक संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळलं, पण गढूळच राहिलं. १७८.५ अंशांना ते एकदम नितळ झालं. मधल्या टप्प्यात ते द्रवासारखं वाहत होतं, तरी त्याचे रेणू स्फटिकासारखी रांग धरून होते. हाच द्रवस्फटिक. विजेचा दाब दिला की या रेणूंची दिशा बदलते, त्यांच्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशाही बदलते आणि एकाच दिशेचं कंपन पुढे जाऊ देणारी ध्रुवक पट्टी त्याप्रमाणे त्याला वाट देते किंवा अडवते. या कथेत आपल्याकडचंही एक पान आहे. चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक असतात, हे १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तशाच रेणूंचा पातळ थर पुढे स्वस्त पडद्यांवर चढवला गेला, बाजूने पाहताना चित्र बिघडू नये म्हणून.

मराठी वाचणाऱ्याने या पट्ट्यांच्या बारीकपणाची फिकीर का करायची? ‘महाराष्ट्र’ हा शब्दच घ्या. ‘ष्ट्र’मध्ये षच्या दांड्यापासून रकाराच्या खुणेपर्यंत सगळं एकाखाली एक रचलेलं असतं. ‘किंवा’मध्ये वेलांटी आणि अनुस्वार शिरोरेघेच्या वर दाटीवाटीने बसतात. रोमन लिपीतलं अक्षर दोन मजल्यांत भागतं, देवनागरीला वर आणि खाली जास्तीची जागा लागते. आता हिशेब करू. १५.६ इंची पडद्यावर १३६६ × ७६८ एवढेच पिक्सेल असतील, तर एका इंचात साधारण १०० येतात. छापील ११ पॉइंटांच्या अक्षराइतकी उंची घेतली, तर मात्रेपासून उकारापर्यंत सगळा कारभार १५ ठिपक्यांत उरकावा लागतो. तिथे रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि डोळा अंदाजाने वाचू लागतो. फुल एचडीत तेवढ्याच उंचीला २२ ठिपके मिळतात. १६ इंची २५६० × १६०० पडद्यावर २९. एवढ्यात ‘ष्ट्र’ अगदी छापल्यासारखं उमटतं.

याहून बारीक जाऊन फारसं काही मिळत नाही, आणि त्याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. निरोगी डोळ्याला अर्ध्या मीटरवरून सुमारे ०.१५ मिलिमीटरपर्यंतचे ठिपके वेगवेगळे ओळखू येतात. फुल एचडीचा पिक्सेल ०.१८ मिलिमीटरचा, म्हणजे या सीमेच्या किंचित अलीकडे. २५६० × १६००चा ०.१३चा, म्हणजे पलीकडे. त्यामुळे नेहमीच्या वाचन-लेखनासाठी फोर-केच्या मागे पैसा घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय पिक्सेल बारीक होतात तसे ट्रान्झिस्टर आणि तारा जास्त जागा अडवतात, पडद्यामागचा दिवा प्रखर करावा लागतो आणि बॅटरी लवकर संपते. मुळातच रंगगाळण्या आणि ध्रुवक पट्ट्या ओलांडून त्या दिव्याचा जेमतेम दहावा हिस्सा उजेड आपल्यापर्यंत पोचतो.

मग इतका बारीक पडदा स्वस्तात कसा मिळतो? पडदे एकेक करून घडवत नाहीत. कारखान्यात अवाढव्य काच येते, एका प्रचलित पिढीची २२०० × २५०० मिलिमीटरची. सगळे ट्रान्झिस्टर तिच्यावर एकदमच उमटवतात आणि मग शंकरपाळ्यांसारखी ती कापतात. कडेला जितकं कमी वाया जाईल तितका पडदा स्वस्त. म्हणून ज्या मापाचे पडदे लाखोंनी कापले जातात तेच परवडतात, आणि एकाच कारखान्याचा तोच पडदा वेगवेगळ्या ब्रँडच्या लॅपटॉपमध्ये सापडतो. १३६६ हा विचित्र आकडाही असाच व्यवहारातून आला. जुन्या १०२४ × ७६८ पडद्याच्या ७६८ ओळी तशाच ठेवल्या आणि १६:९ प्रमाणात रुंदी वाढवली. उत्तर १३६५.३३ येतं, ते १३६६ केलं.

इंचांच्या आकड्याला भुलू नका. १७.३ इंची पडदा फुल एचडीच असेल, तर तेच पिक्सेल जास्त जागेत पसरतात आणि इंचाला १२७च उरतात. उलट १६:१० प्रमाणाचा १६ इंची पडदा रुंदीला १५.६ इंचीएवढाच असतो, पण उंचीला दोन सेंटिमीटर जास्त. लेख लिहिणाऱ्याला, हिशेबाचे तक्ते पाहणाऱ्याला ती उंची रोज उपयोगी पडते. बजेट आखडतं असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा आणि वाचलेले पैसे पडद्यात घालावेत. स्पेसिफिकेशनमध्ये रंगांच्या पल्ल्यासमोर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. ‘१०० टक्के एसआरजीबी’ आणि ३०० निट्सच्या वर उजेड असेल तर उत्तम. दुकानात एखादं मराठी वर्तमानपत्र उघडा, झूम १०० टक्क्यांवर ठेवा आणि पडदा मागे-पुढे कलवून पाहा. काळ्याची राख झाली, तर तो पडदा जुन्या टीएन जातीचा. आयपीएसमध्ये असं होत नाही.

नव्यात जमत नसेल तर कंपन्यांनी वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप पाहावेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा बाजार आहे, तिथे फिरून दोन-चार यंत्रं शेजारी शेजारी लावून पाहता येतात. अशा बऱ्याच यंत्रांत पडदा बदलताही येतो. पॅनेलच्या पाठीमागे त्याचा मॉडेल नंबर छापलेला असतो. त्याच मापाचं, त्याच जोडणीचं फुल एचडी आयपीएस पॅनेल कारागीर बसवून देतो. फक्त केबलला ३० पिना आहेत की ४०, हे पॅनेल विकत घेण्याआधी लॅपटॉप उघडून मोजून घ्यायला सांगा.