वसतिगृहाचे गरम पाणी आणि पंपाचे नियंत्रण

वसतिगृहामागील चुलाण आणि पौषातल्या पहाटेची रांग आमच्या माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल. पुढे गच्चीवर सौर पॅनेल आले, चुलाण विझले. परंतु रांगेतील शेवटच्या मुलाच्या वाट्याचे गार पाणी काही सुटले नाही. त्याचे कारण शोधताना आम्ही जे शिकलो, ते येथे मांडीत आहोत. घरी अथवा संस्थेत जुनी यंत्रणा वाढवू इच्छिणाऱ्यांस ते उपयोगी पडावे.

जुन्या रचनेत टाकी पॅनेलच्या वर होती. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे. पंपाची गरज नव्हती. विद्यार्थिसंख्या वाढल्यावर मोठी टाकी घेतली. तिचा भार गच्चीस पेलणार नव्हता, म्हणून ती खाली ठेवली. मग पाणी वर नेण्यास पंप आला. तो आम्ही घड्याळाच्या स्विचवर सकाळपासून सायंकाळपर्यंत चालविला, आणि तेथेच चूक झाली. ढगाळ दिवशी पॅनेल टाकीपेक्षा थंड असते. अशा वेळी फिरणारा पंप टाकीतील उष्णता आकाशाला वाटून टाकतो.

यावर उपाय म्हणजे दोन सेन्सरांचा नियंत्रक. एक सेन्सर पॅनेलच्या वरच्या तोंडाशी, दुसरा टाकीच्या तळाशी. पॅनेल सुमारे 8 अंशांनी अधिक तापले की पंप सुरू होतो. फरक 3 अंशांवर आला की थांबतो. दोन्ही आकड्यांत अंतर नसेल, तर पंप क्षणोक्षणी चालू-बंद होऊन लवकर बिघडतो. रात्री टाकीतील ऊन पाणी आपोआप वर चढू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. वीज गेल्यास पॅनेलमधील पाणी उकळू शकते. वाफेची नळी कधीही बंद करू नये.

1,000 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे 46 युनिट उष्णता लागते. इतकी कमाई एका चुकीच्या स्विचमुळे गमावणे परवडणारे नाही.

शेवटच्या न्हाणीघराचा प्रश्न निराळा होता. 25 मिलिमीटर आतील व्यासाच्या 40 मीटर नळात सुमारे 20 लिटर पाणी रात्रभर थंड होऊन पडते. म्हणजे पहिली बादली गारच. परतीची नळी व लहान पंप बसवून ते पाणी पहाटे टाकीकडे फिरविता येते. 100 वॅटचा पंप अहोरात्र चालला तर 2.4 युनिट वीज जाते आणि नळांतून उष्णताही वाया जाते. पहाटे दोन तास चालला तर 0.2 युनिट पुरते. परतीचे पाणी 45 अंशांवर पोहोचताच थर्मोस्टॅटने पंप थांबवावा, आणि नळांना उष्णतारोधक वेष्टन असावे.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावरील समान हक्क प्रस्थापित केला. त्या वारशात वाढलेल्या वसतिगृहात पहिल्या आणि शेवटच्या मुलाच्या बादलीत फरक राहू नये, एवढीच या खटाटोपामागची आमची भावना आहे.