खजूर आणि ताट यांमधली दहा मिनिटे

रमजानमध्ये असरची नमाज झाली की बाजारातल्या कढया तापू लागतात. भजी, समोसे, कबाब, जिलेबी यांचा घमघमाट गल्लीभर पसरतो. दिवसभराचा उपाशी रोजेदार पोटाने नव्हे, डोळ्यांनी खरेदी करतो. मगरिबची अजान होते आणि पंधरा मिनिटांत सगळे फस्त! मग तरावीहला उभे राहताना पोट जड, छातीत जळजळ, डोळ्यांवर झोप. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उपवास करणाऱ्यांची थट्टा करते. महिनाअखेरीस वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या काही रोजेदारांनाही ती लागू पडते.

यावरचा उपाय परंपरेतच आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) ताज्या खजुरांनी, ते नसतील तर सुक्या खजुरांनी आणि तेही नसतील तर पाण्याच्या काही घोटांनी रोजा सोडत. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, अशीही त्यांची शिकवण आहे.

खजुरातली साखर रक्तात लवकर मिसळते आणि थकवा उतरतो. त्यानंतर लगेच ताटावर न बसता आधी मगरिबची नमाज अदा केली, की सहज दहा मिनिटे मिळतात. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात. घाईघाईने जेवणारा ती जाणीव होण्याआधीच गरजेपेक्षा जास्त खाऊन मोकळा होतो. थोडे थांबून, सावकाश चावून जेवणाऱ्याचा हात वेळेवर थांबतो.

तळलेले पदार्थ रोज नकोत. आठवड्यातून एक-दोनदा पुरेत. कालचे तेल आज पुन्हा तापवू नये. रंगीत सरबताऐवजी ताक, लिंबूपाणी किंवा कलिंगडाच्या फोडी चांगल्या. पाणी एकदम न पिता इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडे थोडे प्यावे. सहेरी चुकवू नये. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंडे, दही असे खाल्ले की भूक उशिरा लागते. लोणचे, पापड आणि फार चहा मात्र टाळावा. खारटामुळे दुपारी घसा कोरडा पडतो.

मधुमेह असलेल्यांनी गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नये. वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा ताबडतोब सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटत नाही, लोक काय म्हणतील अशी भीती वाटते. पण आजारी माणसाला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. सुटलेले रोजे बरे झाल्यावर पूर्ण करता येतात. कायमचेच जमत नसेल तर गरिबाला जेवू घालण्याची सोय आहे.

इफ्तारचे ताट शेजारी पाठवण्याची रीत आपल्या गावांत जुनी आहे. यंदा त्या ताटात भज्यांऐवजी फळे गेली, तर दोन्ही घरांचे भले होईल.