घरातील साठ्याचीही मोजणी हवी

पर्युषण आणि दशलक्षण पर्वाची सांगता होते, क्षमापनेचे निरोप आप्तेष्टांपर्यंत पोचतात आणि काही आठवड्यांतच बाजाराचे पर्व सुरू होते. वर्तमानपत्रांची पहिली पाने, चौकांतील फलक आणि हातातील मोबाईल एकच गोष्ट बजावत राहतात : आज घेतले नाही तर संधी गेली. २०१४ मध्ये फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ सुरू केला. त्यानंतर ऑनलाइन महासेल हा दसरा-दिवाळीचा भागच होऊन बसला आहे. या काळात व्यापारी कुटुंबांची स्थिती मोठी चमत्कारिक असते. वडील दुकानाच्या काचेवर सवलतीचा फलक चिकटवत असतात आणि त्याच वेळी घरी कुरिअरवाला दुसऱ्या कुणाच्या सेलची खोकी आणून देत असतो.

वस्तुतः सेल म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात कापड दुकानांत ‘मान्सून सेल’ लागतो, तो सणांचा नवा माल येण्यापूर्वी जुना माल हलवण्यासाठी. उठाव नसलेला माल पडून राहिला की भांडवल अडकते, जागा अडते आणि फॅशन बदलली की भाव आणखी घसरतो. म्हणून व्यापारी अल्प नफ्यावर तो काढून टाकतो, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र केवळ सवलत पाहून ग्राहकाने तो घरी नेला, तर दुकानाच्या फळीवर पडून असलेला माल घराच्या कपाटात पडून राहतो, इतकाच फरक होतो.

पेढीसाठी खरेदी करताना हाच व्यापारी किती सावध असतो! मागील वर्षीचा खप, शिल्लक साठा आणि देणी फेडण्याच्या मुदती पाहिल्याशिवाय तो मालाची मागणी नोंदवत नाही. घाऊक विक्रेता ‘आज घ्या, उद्या भाव वाढेल’ म्हणाला, तरी तो शांतपणे चहा घेतो आणि दुसऱ्या पेढीत चौकशी करतो. घरच्या खरेदीत मात्र ना साठा मोजला जातो, ना खप.

ऑनलाइन बाजारात हीच घाई यंत्राकरवी केली जाते. ‘फक्त दोन नग शिल्लक’ ही सूचना आणि उलट धावणारे घड्याळ हे तिचे नेहमीचे प्रकार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा दिशाभूल करणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. खोटी निकड भासवणे, न मागितलेली वस्तू परस्पर बिलात घालणे, ‘नको’ म्हणणाऱ्याला ओशाळे वाटेल अशी शब्दरचना करणे, हे त्यांपैकी काही.

सवलत आणि व्याज

सवलतीचा हिशेब व्याजासह मांडला, तरच तो पुरा होतो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही व्याज असतेच. ते सवलतीच्या रूपाने वळते केले जाते, परंतु त्यावरील १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा ग्राहकावरच पडते.

क्रेडिट कार्डाची थकबाकी याहून महाग. समजा, १० टक्के सवलतीनंतर ६०,००० रुपयांची खरेदी झाली आणि बिलाची केवळ किमान रक्कम, म्हणजे ५ टक्के, भरली जाऊ लागली. दरमहा साडेतीन टक्के व्याजाने तीन महिन्यांत सुमारे ७,००० रुपये व्याज आणि करापोटी जातात. सवलतीत वाचले होते ६,६६७. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

व्यापारी कुटुंबाला आणखी एक धोका असतो. दिवाळीत गल्ला भरलेला दिसतो. पण त्यातील मोठा वाटा उधारीवर आणलेल्या मालाचा, म्हणजेच दुसऱ्याचा असतो. सण सरला की पुरवठादारांचे निरोप येऊ लागतात आणि त्याच सुमारास कार्डाचे बिलही येते. धंद्यात तोटा नसतानाही पेढीची पत डळमळते, ती अशा वेळी.

आधी मर्यादा, मग बाजार

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. भगवान महावीरांसमोर श्रावकव्रते घेताना त्याने व्यापार सोडला नाही. ठेव, व्यापार आणि घरव्यवहार यांत प्रत्येकी चार कोटी सुवर्णमुद्रा, अशी मर्यादा त्याने आखली. अंग पुसण्याचे वस्त्र आणि दातून येथपर्यंत वापरातील वस्तूही ठरवून घेतल्या. परवडत नाही म्हणून घातलेली ही मर्यादा नव्हती. ज्याला सर्व काही परवडत होते, त्याने ती स्वतःहून घातली होती.

येथे एक रास्त शंका निघते : सर्वांनीच हात आखडला, तर आपली दुकाने कशी चालतील? पण गरजेपुरते घेऊन रोख देणारा ग्राहक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो. भुलवून विकलेला माल बदलून मागितला जातो, किंवा उधारीच्या वहीत अडकतो. खोटी मापे वापरणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. किंमत फुगवून तिच्यावर सवलत दाखवणे त्याहून किती वेगळे, याचा विचार प्रत्येक विक्रेत्याने करावा.

घरासाठी उपाय साधे आहेत. दसऱ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी सर्वांनी मिळून कपाटे उघडावीत. साड्या, शर्ट, पादत्राणे, भांडी मोजून वहीत लिहावीत. वर्षभर न वापरलेल्या वस्तूंपुढे खूण करावी आणि त्यांतील चांगल्या वस्तू गरजूंना द्याव्यात. मग खरेदीची यादी करावी आणि प्रत्येक वस्तूपुढे कमाल रक्कम लिहावी. यादीबाहेरचे काही मनात भरले, तर तीन दिवस थांबावे. मुलांच्या हाती ठरावीक रक्कम देऊन निवड त्यांच्यावर सोपवावी. कार्ड वापरलेच, तर बिल मुदतीत पूर्ण भरावे.

दिवाळीला वहीपूजन होते, लाभपंचमीला पेढी पुन्हा उघडते. त्या नव्या वहीशेजारी घराच्या साठ्याची ही छोटी वहीही ठेवावी. पुढच्या वर्षी सेलचा पहिला संदेश येईल, तेव्हा मोबाईलच्या आधी ती उघडावी.