तांब्याचा पैसा

सोन्याचा होन पाहायला गर्दी जमते. तांब्याच्या शिवराईकडे सहसा कोणी वळत नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या पगाराचे हिशेब मांडण्यात गेले, म्हणून असेल, आमचे मन तांब्यावरच बसले. राजाचा खजिना सोन्याचा. पण मीठ-मिरची, तरीचे भाडे आणि हमालाची मजुरी चुकती होई ती तांब्यात.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या काळापासूनची ही शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. हेच नाव व हाच मजकूर पुढे पेशवाईतही चालला, एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. तेव्हा हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्याच वेळची, असे मानू नये. टांकसाळीत तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवीत आणि वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घालीत. ठसे हाताने कोरलेले. म्हणून अक्षरांचे वळण बदलते, कुठे ‘शिव’चे ‘सिव’ होते. चकती ठशाहून लहान असे, म्हणून सगळी अक्षरे क्वचितच उमटतात. संग्राहक शोधतो ते हेच फरक.

सातासमुद्रापलीकडेही हाच छंद आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ पासून तांब्याचे मोठे सेंट पडू लागले. तेथील जाणकारही ठशांच्या जोड्या ओळखून नाणी लावतात. या सेंटांसाठी १७९७ पासून कोऱ्या चकत्या जात, त्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यातून. त्याच बोल्टनने १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारचे पैसे यंत्रावर पाडून दिले होते. त्यांवर तराजू आहे आणि अरबी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय! नाण्यावर न्याय होता. मजुराच्या पदरात तो किती पडला, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आमच्या एका सभासदाच्या आजीने पाहुण्यांना दाखवायच्या म्हणून घरच्या शिवराया आमसुलाने घासून लखलखीत केल्या. पिढ्यानपिढ्या चढलेला काळसर थर एका दुपारी गेला आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही बोथटल्या. त्या माउलीचा दोष नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून आम्ही सांगतो. जुने तांबे घासू नका, मोडीत घालू नका. कोरड्या कागदात ठेवा आणि कोठे, कोणाकडून मिळाले ते त्यावर लिहा. गाव विसरले की नाण्याची अर्धी कहाणी संपली. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावे लागते. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. ती परदेशी धाडता येत नाहीत.

राजांची नावे बखरींत सापडतील. ज्यांच्या बोटांनी हा पैसा झिजला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ती झीज हीच त्यांची सही समजा, आणि ती पुसू नका.