चिनी साम्यवादाचा उदय व विकास : जमिनीच्या प्रश्नाच्या संदर्भात

प्रस्तावना

चीनमधील साम्यवादी क्रांतीचे अध्यापन आपल्या महाविद्यालयांतून बहुधा नेते, अधिवेशने व लढाया यांच्या क्रमाने केले जाते. विद्यार्थी लाँग मार्चचे वर्ष पाठ करतो. मात्र शेतकरी या पक्षाच्या मागे का गेला, हे त्याला सांगता येत नाही. वस्तुतः वीर, महाड, पोलादपूर या परिसरातील विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. 'खोत' आणि 'कूळ' हे शब्द त्याने घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असतात. प्रस्तुत लेखात चिनी साम्यवादाची वाटचाल जमिनीच्या प्रश्नावरून समजून घेण्याचा प्रयत्न केला असून तुलनेसाठी जुन्या कुलाबा जिल्ह्याचा आधार घेतला आहे.

कारखान्याकडून शेताकडे

जुलै १९२१ मध्ये शांघाय येथे चिनी साम्यवादी पक्षाची स्थापना झाली, तेव्हा त्याचे सभासद पन्नासच्या आसपास होते. चेन तू-शिऊ व ली ता-चाओ हे त्याचे आद्य प्रवर्तक विद्यापीठीय विचारवंत होते. मार्क्सच्या सिद्धांतानुसार क्रांतीचा अग्रदूत औद्योगिक कामगार. परंतु चीनमध्ये असा कामगार शांघाय, कँटनसारख्या मोजक्या शहरांतच होता. बाकीचा चीन शेतावर राबत होता आणि पिकाचा मोठा हिस्सा जमीनदाराला देत होता.

१९२७ च्या आरंभी माओ त्से-तुंग यांनी हुनान प्रांतात ३२ दिवस हिंडून शेतकरी चळवळीची पाहणी केली. तिचा अहवाल मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. गरीब शेतकरी हाच क्रांतीचा मुख्य आधार होय, हे त्याचे प्रतिपादन पक्षश्रेष्ठींना रुचणारे नव्हते. मात्र १२ एप्रिल रोजी चँग कै-शेक यांनी शांघायमधील साम्यवाद्यांचे हत्याकांड घडविले आणि शहरातील वाट बंद झाली. खेड्याकडे वळणे हा पक्षासाठी सिद्धांताइतकाच नाइलाजाचाही भाग होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्याच मार्च महिन्याच्या २० तारखेला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या परिषदेच्या आयोजनात पुढाकार घेणारे, वीरच्या शेजारच्या दासगावशी निकटचा संबंध असलेले रामचंद्र बाबाजी मोरे १९३० मध्ये साम्यवादी पक्षात गेले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. हुनानचा अहवाल जमीनदाराच्या सत्तेविषयी होता, चवदार तळ्याचा लढा जातीच्या सत्तेविषयी. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

लढा व कायदेमंडळ

चिंगकांगशानच्या डोंगरात व नंतर किआंगसी प्रांतात पक्षाने जमिनी जप्त करून वाटल्या. हे धोरण इतके कडक होते की सुस्थितीतील शेतकरीही दुरावला. लाँग मार्चनंतर (१९३४-३५) येनान येथे स्थिरावलेल्या पक्षाने १९३७ पासून, जपानविरोधी आघाडीच्या काळात, जप्ती थांबवून केवळ खंड व व्याज कमी करण्यावर भर दिला. पक्षाचा पाया विस्तारला तो या सौम्य धोरणाच्या काळात, ही बाब पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. कुओमिंतांग सरकारनेही १९३० च्या कायद्याने खंडावर ३७.५ टक्क्यांची मर्यादा घातली होती; ती कागदावरच राहिली.

याच काळात अलिबागजवळील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ मध्ये संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. शेते ओसाड राहिली, परंतु कुळे नमली नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर गेला. अधिकार मर्यादित असले तरी दाद मागण्यासाठी येथे एक सभागृह होते. हुनानच्या शेतकऱ्यासमोर तसे सभागृह नव्हते. तेथे पक्षाबरोबर सेना आली.

जमीन मिळाली, जमीन गेली

१९४९ च्या सत्तांतरानंतर, जून १९५० च्या जमीनसुधारणा कायद्यान्वये सुमारे ३० कोटी चिनी शेतकऱ्यांना जमीन मिळाली. या मोहिमेत लाखो जमीनदार मारले गेले. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा 'कृषक दिन' हा मार्ग संथ होता. कुळाला जमिनीची किंमत हप्त्यांनी भरावी लागली आणि ज्याचे नाव दप्तरात नव्हते, अशी अनेक कुळे वंचित राहिली.

तथापि, येथे ज्याला जमीन मिळाली, त्याच्याकडे ती राहिली. चीनमध्ये १९५६ पर्यंत बहुतेक जमीन सामूहिक झाली, १९५८ मध्ये कम्यून आले आणि १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात दीड ते साडेचार कोटी माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज आहेत. पक्षाला सत्तेवर आणणाऱ्या शेतकऱ्यानेच या धोरणाची सर्वाधिक किंमत मोजली.

वर्ग की जात?

जमीनवाटपाच्या वेळी प्रत्येक कुटुंबाचा वर्ग ठरविण्यात आला : जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी, शेतमजूर. जमीन सामूहिक झाल्यावर या वर्गांचा आर्थिक आधार उरला नाही. शिक्का मात्र उरला आणि तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. शाळाप्रवेश, सैन्यभरती, पक्षाचे सभासदत्व, इतकेच नव्हे तर सोयरीकही त्यावर ठरे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६) 'जमीनदाराचा मुलगा' एवढेच छळासाठी पुरेसे होते, मग त्या मुलाने एक गुंठाही पाहिलेला नसो. जन्मावरून माणसाचे स्थान ठरविण्याच्या या व्यवस्थेला महाराष्ट्रातील वाचकाने कोणते नाव द्यावे, हे सांगावयास नको.

१९५३ मध्ये मोरे यांनी आपल्या पक्षाला टिपण सादर करून अस्पृश्यता व जातिव्यवस्थेच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. कोकणातील कूळ कुणबी असे, आगरी असे, महारही असे. खोतापुढे तिघेही कूळ, पण पाणवठ्यावर तिघे एक नव्हते. केवळ वर्गाच्या तक्त्यात हे गाव बसत नव्हते. चीनचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवितो : तेथे वर्गाचा तक्ताच जातीसारखा वागू लागला.

शिआओगांग व नंतर

१९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातील शिआओगांग गावच्या १८ कुटुंबांनी गुप्त करार करून सामूहिक जमीन आपापसांत कसावयास वाटून घेतली. हा गुन्हा होता. परंतु उत्पन्न वाढले, डेंग शिआओपिंग यांच्या राजवटीने ही पद्धत स्वीकारली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कम्यून संपुष्टात आले. जमीनदारपणाचे बहुतेक शिक्केही १९७९ पासून काढण्यात आले. पक्ष टिकला, २०२४ अखेर त्याची सभासदसंख्या १० कोटींवर गेली असून उद्योजकांनाही त्यात प्रवेश आहे. जमिनीची मालकी मात्र १९८२ च्या राज्यघटनेनुसार गावाच्या समूहाकडेच आहे. शेतकऱ्याला कसण्याचा करार मिळतो. त्याची मुदत आणखी ३० वर्षांनी वाढविण्याची घोषणा २०१७ मध्ये झाली. शिआओगांगच्या शेतकऱ्याला आपला तुकडा कसता येतो, दुसऱ्यास कसावयास देता येतो. विकता येत नाही.