पितळी मुठीला पुन्हा उजाळा

दिवाळी जवळ आली की समया, घंगाळे, तांब्ये चिंचेने घासून लखलखीत होतात. पण दाराच्या पितळी मुठी, कड्या, बिजागऱ्या? कितीही घासा, मेल्या डागाळलेल्याच!

आमच्या दाराची मूठ सासऱ्यांच्या जुन्या घरातली. ते घर पाडले तेव्हा एवढीच काय ती आठवण आली. ती काळवंडली, तशी मी मनगटे दुखेपर्यंत चिंच-मीठ लावून घासली. कुठे चकाकी, कुठे तपकिरी पट्टे! हे म्हणाले, "मोडीत घाल आणि नवी आण." सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, वर पॉलिशवाल्याने लॅकर मारलंय ना! ते आधी काढ."

खरेच होते ते. लॅकर म्हणजे पितळेवरचा पारदर्शक पापुद्रा. हवा आणि घामाचे क्षार धातूला लागू नयेत म्हणून तो देतात. पण वापराने तो जागोजागी फाटतो, तिथून दमट हवा आत शिरते आणि पितळ काळे पडते. वरून घासून त्या डागापर्यंत हात पोचणार कसा?

आधी मुठीला लोहचुंबक लावून पाहा. चिकटले, तर आत लोखंड आणि वर नुसता पितळेचा मुलामा. न चिकटले तरी मागची बाजू आणि झिजलेल्या कडा पाहा. खालून पांढुरका धातू दिसला, तर तोही मुलामाच. अशी वस्तू घासू नका, मुलामा निघून जाईल.

भरीव पितळ असेल, तर मूठ स्क्रू काढून सुटी करा. स्वयंपाकात न लागणाऱ्या जुन्या स्टीलच्या पातेल्यात (अ‍ॅल्युमिनियमचे नको) लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घाला. त्यात मूठ पंधरा-वीस मिनिटे मंद उकळा. निवल्यावर पापुद्रा बहुधा बोटाने सुटतो. चिवट राहिला, तर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. मात्र ते पेट घेते, म्हणून गॅस, निरांजन, उदबत्ती दूर ठेवा, खिडक्या उघडा आणि मुलांना लांब पाठवा. तारेची घासणी नको, चरे पडतात.

आता चिंच-मीठ लावा, पण मिनिटभरच. आंबट जास्त वेळ राहिले, तर पितळ तांबूस होते. स्वच्छ धुऊन लगेच कोरडे करा.

पुढे काय? रोज हात लागणाऱ्या मुठीला पुन्हा लॅकर देऊ नये, ते परत फाटणारच. मेणाच्या पॉलिशचा पातळ हात द्या, मऊ फडक्याने चोळा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा द्या. क्वचित हात लागणाऱ्या शोभेच्या वस्तूंना लॅकर चालेल. तेव्हा वस्तू अ‍ॅसिटोनने पुसून घ्या, बोटाचा ठसा राहू देऊ नका. पावसाळी हवेत हे काम टाळा, लॅकर पांढुरके होते. अन्नपाण्याच्या भांड्यांना मात्र ते कधीच नको.

आमची मूठ अगदी आरशासारखी झाली नाही. खाचांतला थोडा काळेपणा मी मुद्दामच ठेवला, त्यामुळे नक्षी उठून दिसते. सासूबाईंनी दार उघडताना तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता कशी ओळखीची वाटते!"

मोडीत घालायची गोष्ट ह्यांनी पुन्हा काढलेली नाही.